मनोऱ्यांपलीकडचं ऑक्सफर्ड

आपल्या मेळाव्यासाठी लंडनहून एम ४० ने ऑक्सफर्डला येणार असाल तर हाय वायकम मागे पडलं, की मागच्या सीटवरच्या मुलांना आकाशाकडे बघायला सांगा. (गाडी चालवणाऱ्याने कृपया रस्त्याकडेच बघावं.) चिल्टर्नच्या टेकड्यांवर दुभंगलेल्या शेपटीच्या तांबूस घारी घिरट्या घालत असतात. माणसाने मारून मारून एकोणिसाव्या शतकातच ही घार इंग्लंडमधून संपवली होती. १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून इथे सोडली गेली आणि घारींनी पुन्हा बस्तान बसवलं. यजमान शहराच्या वतीने तुमचं पहिलं स्वागत त्याच करतील.

ऑक्सफर्डमध्ये काय बघायचं, हे कुठलीही मार्गदर्शिका सांगेल. बॉडलियन ग्रंथालय, रॅडक्लिफ कॅमेराचा घुमट, कॉलेजांची हिरवळ, सगळं पायी अर्ध्या दिवसात होतं. मराठी मुलखातून आलेल्यांनी सॉमरव्हिल कॉलेजपाशी मात्र क्षणभर थांबावं. नाशिकमध्ये जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथे आल्या. १८९२ मध्ये त्यांनी इथली कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पदवी हातात पडायला मात्र १९२२ साल उजाडलं, कारण १९२० पर्यंत स्त्रियांना पदव्या द्यायला हे ज्ञानी विद्यापीठ तयारच नव्हतं!

पण माझं मत विचाराल तर ऑक्सफर्डचं खरं वैभव शहराच्या वायव्येला, थेम्सच्या पलीकडच्या टेकडीवर आहे. वायटम वुड्स हे त्या रानाचं नाव. क्षेत्र सुमारे ४०० हेक्टर. वुल्वरकोटपर्यंत बसने जावं आणि पुढे गॉडस्टोच्या पुलावरून चालत वायटम गाव गाठावं. नदीचा हा पट्टा म्हणजे ‘अ‍ॅलिस’चं जन्मस्थान. ४ जुलै १८६२ ला लुइस कॅरलने गॉडस्टोकडे होडी वल्हवताना तीन लहान मुलींना ती गोष्ट सांगितली.

ताडोबा किंवा मेळघाटाची अपेक्षा ठेवून आलात तर निराश व्हाल. इथे वाघ नाही, बिबट्या नाही आणि रान म्हणावं इतकं ते अस्पर्शही नाही. शतकानुशतकं माणसाने तोडलेलं, पुन्हा वाढू दिलेलं हे जंगल. कर्नल फेनेल यांच्या कुटुंबाची ही मालमत्ता. त्यांची एकुलती एक मुलगी हेझल १९३९ मध्ये वारली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी १९४२ मध्ये हे रान विद्यापीठाच्या हवाली केलं. अट एवढीच की ते जपलं जावं. त्यानंतर जे घडलं त्याला जगात फार थोड्या जोड्या सापडतील. या एका टेकडीला शास्त्रज्ञ आजवर प्रश्न विचारत आले आहेत.

१९४७ मध्ये डेव्हिड लॅक यांनी रानाच्या मार्ली भागात ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी घरट्याच्या पेट्या टांगल्या. सह्याद्रीत दिसणारी राखाडी टिट पूर्वी याच जातीत धरली जाई, म्हणजे ही तशी आपल्या नात्यातलीच. तेव्हापासून दर वसंतात कोणत्या मादीने कधी अंडं घातलं, पिल्लं किती जगली, याची नोंद होत आहे. आता पेट्या हजाराच्या वर आहेत. सुरुवातीच्या लाकडी पेट्यांत वीझल शिरून पिल्लं फस्त करायचे, म्हणून पुढे सिमेंटमिश्रित पेट्या आल्या.

या नोंदींतून हवामानबदल डोळ्यांना दिसतो. ओकला पालवी फुटली की तिच्यावर पतंगांच्या अळ्या येतात. पिल्लांचं पोट भरायला नर-मादी दिवसभरात शेकडो अळ्या आणतात, पण अळ्यांचा हा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. तो हुकला तर पिल्लं उपाशी. वसंत लवकर उबदार होऊ लागला तशी पालवी अलीकडे आली, अळ्या अलीकडे आल्या, आणि टिटनेही अंडी घालण्याचा काळ १९६० च्या दशकाच्या तुलनेत साधारण दोन आठवडे अलीकडे ओढला. इतक्या वर्षांच्या वह्या नसत्या तर हे कळलंच नसतं. शाळेत अन्नसाखळीची आकृती काढून गुण मिळवलेल्या सर्वांनी आणखी एक लक्षात ठेवावं : ती कल्पना १९२७ च्या आपल्या पुस्तकातून रुजवणाऱ्या चार्ल्स एल्टन यांनी पुढे याच रानातल्या प्राण्यांची वर्षानुवर्षं मोजदाद केली.

आपला मेळावा मे महिन्याच्या बँक हॉलिडेला आहे, हे भाग्यच. झाडांचं छत दाट होण्याआधी मिळेल तेवढं ऊन पिऊन ब्लूबेल याच सुमारास फुलतात आणि जमीन निळी होते. ओलसर जागी रानलसूण पसरलेला असतो. वाऱ्याची झुळूक आली की कुणीतरी फोडणी टाकल्यासारखा वास येतो. तोडून घरी नेऊ मात्र नका. त्याच्यासारखी दिसणारी विषारी पानंही त्याच रानात उगवतात.

अचानक कुत्रा भुंकल्यासारखा आवाज आला, तर दचकू नका. सह्याद्रीत भटकलेल्यांना तो ओळखीचा वाटेल, कारण तो भेकराच्या चिनी भावंडाचा आहे. हे मुंटजॅक हरीण इंग्रज हौशींनी चीनमधून आणलं, पार्कातून निसटून ते देशभर पसरलं आणि आता ब्लूबेलवरही ताव मारतं. बॅजर मात्र दिवसा दिसणं कठीण. त्यांची उकरलेल्या मातीच्या ढिगांची बिळं वाटेवरून दिसतात. गांडुळांवर जगणारा हा प्राणीही इथे १९८७ पासून अभ्यासला जातोय.

सगळं आलबेल नाही. अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागला आहे आणि वाटेकडेची बरीच रोगट झाडं पाडावी लागली आहेत. जुन्या भटक्यांना ती मोकळी जागा खुपते.

चालताना पूर्ण पँट घाला, घरी परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते बघा. खाजरी नेटल वाटेच्या कडेलाच असते, मुलांना हात लावू देऊ नका. कुत्रा नेता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं : रान विद्यापीठाचं असल्यामुळे आत जायला परवाना लागतो. तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आधीच मागवावा लागतो. तेव्हा मेळाव्याची नावनोंदणी केलीत त्याच बैठकीत तोही अर्ज भरून टाका, आणि सोमवारच्या परतीच्या गाडीचं तिकीट संध्याकाळचं काढा.