पिन का कापलीस?

सोलापूर,
२४ जानेवारी

चि. पिंट्यास,


काल दुपारी साउंडवाला पोरगा दुकानात आला. चहा घेतला, पंपाची मोटार कधी भरून देता म्हणून विचारलं आणि उठता उठता खिशातून एक पितळी पिन काढून माझ्या हातावर ठेवली. "तुमच्या भाच्याची आहे," म्हणाला. स्टेज आवरताना बोर्डाखाली सापडली त्याला. थ्री-पिन टॉपची वरची, जाड पिन. बुडाशी हॅक्सॉच्या पात्याचे वळ अजून ताजे आहेत. बोर्डाच्या वरच्या भोकात पेनाची रिफिल खुपसलेली होती, हेही त्यानंच सांगितलं. म्हणजे अर्थिंग कापून, रिफिलनं भोकाचं झाकण उघडं ठेवून तू शनिवारी कॉलेजच्या मैदानावर दोन तास बास वाजवलास. वर माइकवर गायलासही.

फोन केला असता, पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणून ठेवून देतोस. म्हणून लिहितोय. ती पिन समोर टेबलावर ठेवूनच लिहितोय.

तुझ्या आईला मी काही बोललेलो नाही, बोलणारही नाही. नान्नजच्या विहिरीवरचा तो दिवस तिला अजून झोपू देत नाही, आणि तुला तो आठवत नसेल असं मला वाटत नाही. भावजींच्या हाताला पंपाची पेटीच लागली होती ना? त्या पेटीलाही अर्थिंग नव्हतं. ज्या घरात हे झालं त्या घरातला पोरगा हॅक्सॉ घेऊन बसतो, याचं मी काय करू, सांग.

हमिंग येत होतं म्हणून कापलीस, हे मला न सांगता कळतं. पिन कापायला दुसरं कारणच नसतं. आणि पिन कापली की हमिंग जातं, हेही खरं; म्हणून तर ही खोड सुटत नाही. पण ते येतं कुठून हे पाहिलंस का? तुझा ॲम्प स्टेजवरच्या बोर्डावर, मिक्सर मैदानाच्या मागच्या टोकाला दुसऱ्या लाइनवर. दोघांनाही आपापलं अर्थिंग, आणि मध्ये तुझी केबल त्या दोघांना जोडते. झालं वेटोळं. त्यात पन्नास सायकलची घरघर शिरणारच. त्यावर उपाय दोन. एक, स्टेज आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्यायचं, जाड वायर ओढायला लागली तरी. दुसरा त्याहून सोपा: डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचा खटका असतो, तो दाबायचा. त्यानं सिग्नलच्या वायरीतली जाळी सुटते, विजेचं अर्थिंग जागेवर राहतं. शंभर रुपयांचंसुद्धा काम नाही हे. आणि तारांना हात लावल्यावर हमिंग कमी होत असेल तर ॲम्पला दोष देऊ नकोस, ते गिटारच्या पोटातलं आहे. मागचं झाकण उघडून आत तांब्याची पट्टी चिकटवायची. ये इकडे, मी चिकटवून देतो.

पिन का असते ते तुला शिकवायचं म्हणजे मलाच लाज वाटते. तुझ्या तारा पुलाला टेकतात, पुलाची वायर जॅकला जाते, जॅक ॲम्पच्या पत्र्याला. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कुठं फाटलं की पत्र्यावर फेज येतो. अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो आणि गोष्ट संपते. नसेल तर तो फेज तुझ्या तारांवर येऊन तुझी वाट बघत बसतो. हातात तारा, ओठ माइकच्या जाळीला, माइकला मिक्सरचं अर्थिंग. मध्ये काय येतं? तुझी छाती. ती वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का केलीय, विचार केलास कधी? आत जाताना आधी तीच लागावी आणि बाहेर येताना शेवटी तीच सुटावी म्हणून. कुणी तरी डोकं लावून केलेली वस्तू आहे ती. तू दोन मिनिटांत कापलीस.

आता एक सांगतो, ते तुझ्या मामीलाही माहीत नाही.

१९८७ चा गणपती. मोहोळकडच्या एका गावात आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. बास मी रेडिओवर ऐकून शिकलो असं तुम्हाला नेहमी सांगतो ना, ते थोडं खोटं आहे. आमच्या घरच्या रेडिओच्या वाटीएवढ्या स्पीकरातून बास ऐकूच यायचा नाही. जाडी ई तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा हलते, ते त्या वाटीला कुठलं झेपणार! मला तो पहिल्यांदा कळला भागवत टॉकीजमध्ये, पंचमदांच्या गाण्यात. पोटात काही तरी हललं. टोनी वाझ नावाचे गृहस्थ त्यांच्याकडे बास वाजवतात, हे कळायला आणखी दोन वर्षं गेली. असो. माझा ॲम्प म्हणजे सुताराकडून करून घेतलेली प्लायवुडची पेटी, आत पंधरा इंची स्पीकर. त्याला दोन इनपुट. एकात मी, दुसऱ्यात आमचा लीड गिटारवाला. त्या रात्री हमिंग फार होतं, गायक चिडला होता, आणि संध्याकाळी पाऊस पडून गेला होता. मी टॉप उघडून हिरवी वायर काढून टाकली. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही.

तिसऱ्या गाण्यात लीडवाला कोरसला माइकजवळ आला. ओठ लागले आणि तो तसाच राहिला. आधी वाटलं नाटक करतोय. कुणी तरी मेन पाडला. वाचला तो, पण डाव्या हाताची दोन बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. पुढं त्यानं गिटार विकली आणि किराणा टाकला.

गावातल्या लोकांनी मंडपाच्या वायरमनला धरलं. मारलं त्याला. त्याचं काम गेलं. मी हिरवी वायर अंधारात परत टॉपमध्ये खोचली आणि गप्प बसलो. पुढं कित्येक वर्षं तो वायरमन पार्क चौकात दिसायचा, मी रस्ता ओलांडून पलीकडनं जायचो. आता तो नाही. सांगायचं राहिलं ते राहिलंच. मोटार भरून देताना गिऱ्हाइकाला मी अर्थिंगवरून एवढं का पिडतो, म्हणून तुम्ही सगळे हसता ना? त्याचं हे कारण.

म्हणून पिंट्या, पिन का कापलीस, हे मी परत परत विचारतो. तुझ्यापेक्षा शहाणा म्हणून नव्हे.

आता तुझ्या नव्या ॲम्पचं. ताई म्हणाली, तू मोठा सेट घ्यायला निघालायस, दहा इंची आठ स्पीकरचं कपाट आणि वर व्हॉल्व्हचा हेड. अमेरिकेतला चुलतभाऊ पाठवणार म्हणे. मला तुझा मोह कळतो. ॲम्पेगचा एसव्हीटी १९६९ साली निघाला, तीनशे वॉटचा, चौदा व्हॉल्व्हचा. तो ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. पण ते कपाट साठ किलोच्या वर असतं. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ते कुठं ठेवणार, तुझ्या मांडीवर? आणि अमेरिकेतला माल एकशेवीस व्होल्टचा. मागचा खटका न बघता आपल्या दोनशेतीसवर लावलास तर पहिल्याच संध्याकाळी धूर. व्हॉल्व्हचा हेड स्पीकर न जोडता चालू केलास तरी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. असला ट्रान्सफॉर्मर भरून द्यायला माझ्याकडं आणू नकोस, माझ्यानं होणार नाही.

वॉटच्या मागं लागू नकोस. शंभराचे दोनशे केलेस तर तीनच डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतात. मैदानावर तसाही तुझा आवाज मोठ्या सिस्टिममधूनच जाणार. तुला फक्त स्वतःला आणि ड्रमवाल्याला ऐकू यायला हवं. बारा इंची एक पेटी घे, आठ ओहमची. पैसे आले की तशीच दुसरी. दोन मिळून चार ओहम होतात, ते बहुतेक ॲम्प सोसतात. मित्राची तिसरी जोडायचा मोह होईल, तो आवर. चार ओहमच्या खाली गेलं की ॲम्प तापतो. जुनी पेटी घेशील तर जाळी काढून कोन चारी बोटांनी हलकेच आत दाबून बघ. आत खरखर लागली तर कॉइल घासतेय. विकणारा काही सांगू दे, उठून ये. आणि पेटीला गिटारची केबल लावू नकोस, दिसायला सारखी असली तरी. ती आतून केसासारखी बारीक असते, तापते.

बास तर तुझा चांगला आहे. फक्त पुण्याच्या पावसातून इकडच्या उन्हात आणलास की मान वाकते. रॉड एका वेळी पाव आटा फिरव, मग रात्रभर ठेव. आणि वाजवून झालं की जॅक काढत जा, नाही तर आतली बॅटरी रात्रभर पेटलेली राहते. शनिवारी जॅक तसाच होता, हेही त्या पोरानं सांगितलं. सगळं सांगतो तो. चांगला पोरगा आहे, त्याच्यावर राग धरू नकोस.

फार बोललो का? तुझी आजी म्हणायची, हा रागावला की आधी ओरडतो आणि मग खायला घालतो. सोबत पाकिटात नवा टॉप पाठवतोय, तीन पिनांचा. वायर मी जोडून दिली असती, पण तूच जोड. हिरवी वायर इतर दोघींपेक्षा बोटभर लांब ठेव, केबल ओढली गेली तर ती शेवटी सुटली पाहिजे. आणि तीस मिलिॲम्पिअरवर उडणारा ब्रेकर लावलेला एक एक्स्टेन्शन बोर्ड मी तयार केलाय. तो पोस्टानं पाठवायचा नाही, तू आलास की देईन. कार्यक्रम कुठलाही असो, आधी तो लावायचा, मग ॲम्प.

शनिवारी मी आलो होतो. तुला सांगितलं नाही, मी समोर असलो की तू बावरतोस. मागं रसाच्या गाड्याजवळ उभा होतो. चौथ्या गाण्यात सगळे थांबले आणि तू एकटाच जाड्या तारेवर राहिलास, तेव्हा रसवाल्याच्या घागरीवरचं झाकण थरथरायला लागलं. त्यानं हात ठेवून ते दाबलं. मी त्याला म्हणालो, राहू दे. तेव्हा मला काही माहीत नव्हतं रे. मी नुसता ऐकत होतो.

मामीनं तुझ्या पेटीला खोळ शिवलीय, जुन्या चादरीची, मोराची नक्षी असलेली. माप अंदाजानं घेतलंय. मला वाटतं लहान होईल. नवी पेटी घेतलीस की लांबी, रुंदी, उंची कळव, ती उसवून पुन्हा शिवणार आहे.

तुझा,
मामा