पऱ्हाटीच्या गंजीत कोण झोपलंय?



कापसाची वेचणी संपत आली. आता पऱ्हाट्या उपटायच्या, घरामागं नाहीतर धुऱ्यावर गंजी लावायची, की जळणाची काळजी मिटली. पण त्या गंजीत आपल्या पुढच्या पिकाचा चोर झोपलेला असतो. त्याची ओळख करून घेऊ.

गुलाबी बोंडअळीचा पतंग नखाएवढा, करड्या-तपकिरी रंगाचा. दिवसा लपतो, रात्री उडतो, म्हणून आपल्याला दिसत नाही. मादी पात्या, फुलं आणि हिरव्या बोंडांवर अंडी घालते. अळी निघाली की बोंडात शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. बोंड वरून चांगलं दिसतं, फवारणी आत पोचत नाही. वेचताना कवडी हाती लागते तेव्हा कळतं. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बीटी कपाशी असूनही असंच नुकसान झालं.

मग कपाशी संपल्यावर अळी जाते कुठं? शेवटच्या बोंडांतली अळी दोन सरक्या जोडून त्यांच्या आत झोपी जाते. पऱ्हाटीवरची किडकी बोंडं, घरात साठवलेला कापूस, जिनिंगमधली सरकी ही तिची उन्हाळ्यातली घरं. पाऊस पडला की पतंग होऊन नव्या कपाशीवर जाते.

तुम्ही म्हणाल, "पऱ्हाटी फेकली तर चुलीत काय घालू?" फेकू नका, एवढं करा:

१. डिसेंबरअखेर कपाशी काढा. पाणी देऊन फरदड घेऊ नका.
२. शेवटच्या वेचणीनंतर शेळ्या-मेंढ्या शेतात सोडा, हिरवी बोंडं त्या खातात. नुकतीच फवारणी झाली असेल तर मात्र सोडू नका.
३. गंजी लावण्याआधी पऱ्हाटीवरची बोंडं तोडून जाळा.
४. गंजी शेतापासून लांब ठेवा. पावसाळ्याआधी जळण संपवा, उरलं तर बारीक करून खतात घाला.
५. साठवलेला कापूस उन्हाळ्याआधी विका.
६. मे महिन्यात कपाशी लावू नका. लवकर निघालेल्या पतंगांना पात्या मिळाल्या नाहीत, तर त्यांची पिढी तिथंच संपते.
७. पुढच्या हंगामात एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले, तर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून फवारणी करा.

एकटीनं करून भागत नाही. पतंगाला धुरा-बांध कळत नाही, शेजारच्या गंजीतून तो आपल्या शेतात येतो. म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एकमेकींना विचारा: तुझ्या गंजीतली बोंडं तोडली का?