नुसतं ‘सीआर-व्हीची काच’ म्हणू नकोस

अगं, काचेला तडा गेला म्हणून सासऱ्यांची २००५ची होंडा सीआर-व्ही कुणी भंगारात काढतं का? ‘इम्पोर्टेड आहे, काच मिळायची नाही’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. काच मिळते. नीट मागता यायला हवी, इतकंच.

ही गाडी परदेशातून तयार होऊनच आपल्याकडे आली. पुढे त्याच नावाच्या निराळ्या अंगाच्या गाड्या निघाल्या. त्यामुळे नुसतं नाव सांगितलंस, तर दुकानदार हाताला लागेल ती काच पुढे करणार. आरसी बुकावरच्या नोंदणीच्या तारखेवरही विसंबू नकोस. गाडी आदल्या वर्षी बनलेली असू शकते. चेसिस नंबर घे आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवरून पार्ट नंबर काढून आण. होंडात पुढच्या काचेचा नंबर ७३१११ने सुरू होतो, या पिढीच्या सीआर-व्हीला त्यापुढे एस९ए. त्यांच्याकडे काच नसली तर नसू दे. नंबर हातात असला की पुण्यात नाना पेठेत जा, नाहीतर मुंबईत कुर्ल्याला. तुला कुणी गुंडाळणार नाही.

जुन्या काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्याचा फोटो काढून ठेव. वर रंगीत पट्टी आहे का, आरसा काचेला चिकटवलाय की छताला, तेही बघ. काच लॅमिनेटेडच हवी. ‘जरा मोठी आहे, घासून बसवतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार!

खरी मेख बसवण्यात आहे, बाई. जुनी काच निघाली की चौकटीवर स्वतः वाकून बघ. गंजाचे फोड दिसले तर आधी ते साफ करून प्रायमर मारायला लाव. गंजावर चिकटवण धरत नाही, आणि पहिल्या पावसातच पायाखालची मॅट ओली होते. किती तास गाडी हलवायची नाही, ते चिकटवणाच्या वेष्टनावर छापलेलं असतं. मेकॅनिक कितीही घाई करो, तू वाचल्याशिवाय किल्ली फिरवू नकोस.

विमा फक्त थर्ड पार्टी नसेल, तर काच बदलण्याआधी कंपनीला कळव. गाडी कितीही जुनी असली तरी काचेवर घसारा कापत नाहीत.

आणि हो, फास्टॅग जुन्या काचेबरोबरच जाणार. बँकेकडे नवा आजच मागव.