वॉटरशेडमध्ये जोर कुठे?

प्रश्न : मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकते. हिवरे बाजारच्या पाणलोट कामावर इंग्रजीत सादरीकरण करायचे आहे. वॉटरशेड, ग्राउंडवॉटर, ग्रीनहाऊस असे जोडशब्द कसे तोडावेत आणि आघात कुठे द्यावा?

उत्तर : आधी जोड ओळखा आणि तिथेच शब्द तोडा. मग प्रत्येक भागातले स्वर मोजा. जितके स्वर ऐकू येतात, तितकी अक्षरे. वॉटर अधिक शेड, म्हणजे वॉ-टर-शेड, अक्षरे तीन. ग्राउंडवॉटरमध्ये मात्र आपली लिपी फसवते. ‘ग्राउंड’ लिहिताना ‘उ’ वेगळा दिसतो, पण इंग्रजीत ‘आउ’ हा एकच संयुक्त स्वर आहे. म्हणून ग्राउंड-वॉ-टर, तीनच.

आघात बहुतेक जोडनामांत पहिल्या भागावर येतो: वॉ, ग्राउंड, ग्रीन. हे सांभाळाच, कारण मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, इंग्रजीत बदलतो. ‘ग्रीन’वर जोर दिला तर रोपांचे हरितगृह, ‘हाऊस’वर दिला तर नुसते हिरव्या रंगाचे घर.

अपवाद आहेतच. रस्त्यांच्या नावांत ‘स्टेशन रोड’मधला रोड जोर घेतो, स्ट्रीट मात्र घेत नाही. ‘वेल-नोन’सारख्या विशेषणांत जोर नोनवर असतो, पण पुढे नाम आले की तो बहुधा वेलकडे सरकतो. अशा वेळी उच्चार दाखवणारा शब्दकोश उघडा: वरची उभी रेघ मुख्य आघाताची, खालची दुय्यम, आणि दोन्ही आघातित अक्षराच्या आधी छापतात. सादरीकरणापूर्वी हे शब्द पूर्ण वाक्यांतच मोठ्याने म्हणा.