मिनी गुलाबाची कुंडी: जून महिन्यात जिवंत दिसली तरच धंदा



मिनी गुलाबाचा विषय निघाला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "सर, पैठणला राहतो, १० बाय १० ची गच्ची आहे, यातून धंदा होईल का?" उत्तर देतो, पण आज जरा उलट्या बाजूनं जाऊ. आधी तुमची गच्ची बघायची नाही. आधी तुमच्या गिऱ्हाइकाचा ओटा बघायचा.

काय होतं बघा. नाथषष्ठीच्या गर्दीत ४ इंची कुंडीतलं, कळ्यांनी भरलेलं रोप हातोहात जातं. ६०-७० रुपयांत कोण घासाघीस करतो? गिऱ्हाईक खूश, तुम्ही खूश. मग एप्रिल-मे येतो, पारा ४० च्या वर जातो. त्या कुंडीत माती असते जेमतेम अर्धा लिटर. सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत गायब. माणूस एक दिवस लग्नाला बाहेरगावी गेला की रोपाची काडी झालीच म्हणून समजा. जूनमध्ये ती काडी कचऱ्यात जाते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "आपल्याकडच्या उन्हात गुलाब येतच नाही." दोष कुंडीचा होता, नाव गुलाबाचं खराब झालं आणि नुकसान तुमचं झालं. तालुक्याच्या गावात ही गोष्ट चार गल्ल्यांत पोचायला वेळ लागत नाही.

म्हणून या धंद्यातला पहिला निर्णय रंगाचा नाही, जातीचा नाही, कुंडीच्या मापाचा आहे. ४ इंचाऐवजी ८ इंची कुंडी घेतली तर माती दुप्पट होत नाही. रुंदी दुप्पट, खोलीही दुप्पट, म्हणजे माती साधारण आठपट होते. चार लिटर माती दिवसभर ओल धरते. आणि घरी नेल्यावर वर्षभरानं १०-१२ इंची कुंडीत हलवायला सांगायचं. लहान झाड म्हणून लहान कुंडी, हा हिशेब इथं चालत नाही.

आता हे झाड नेमकं काय आहे ते समजून घ्या, कारण विकताना तुम्हालाच सांगावं लागतं. बटण गुलाब, मिनी गुलाब, मिनिएचर गुलाब, नावं कितीही असली तरी मूळ चिनी गुलाबाच्या घराण्यातलं. साधारण शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या एका खेड्यात खिडकीतल्या कुंड्यांमध्ये असा बुटका गुलाब सापडला. रूले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या तो नजरेत आला, म्हणून त्याचं नाव 'रूलेटी' पडलं. पुढं हॉलंडचे यान डी व्हिंक, स्पेनचे पेद्रो डॉट यांनी त्यापासून नवीन वाण काढले. पण आपल्या कामाचा माणूस म्हणजे अमेरिकेतले राल्फ मूर (१९०७-२००९). कॅलिफोर्नियातलं व्हिसेलिया हे त्यांचं गाव. तिथला उन्हाळाही आपल्यासारखाच कोरडा आणि कडक. तिथं बसून त्यांनी आयुष्यभर मिनी गुलाबांवर काम केलं. तेव्हा "उन्हात येत नाही" हे डोक्यातून काढून टाका.

याची खरी ताकद मुळात आहे. बाजारातला मोठा गुलाब बहुतेक वेळा दुसऱ्याच खुंटावर डोळा भरून केलेला असतो. खालून खुंटाचा फुटवा आला आणि तो ओळखून काढला नाही, की दोन वर्षांत रानटी गुलाबच उरतो. मिनी गुलाब साध्या छाटकलमानं स्वतःच्या मुळावर येतो. खालून फुटला तरी तोच गुलाब. कमी देखभालीचं झाड म्हणतो ते यासाठी. झाड दीड फुटाच्या आतबाहेर राहतं, त्यामुळे आधाराची काठी नाही, मोठी छाटणी नाही.

एक सावधगिरी. मॉलमध्ये मिळणाऱ्या देखण्या कुंडीत बरेचदा तीन-चार कलमं एकत्र ठासलेली असतात, कुंडी भरगच्च दिसावी म्हणून. मातृझाडं म्हणून घेणार असाल तर घरी आणून मुळं हलक्या हातानं सुटी करा आणि वेगवेगळी लावा. एकाच्या पैशात चार झाडं, हा आपला फायदा! मात्र नवीन, नोंदणी झालेल्या वाणाची कलमं विकायची तर पैदासकाराची परवानगी लागते, २००१ चा वाण संरक्षण कायदा आहे. धंद्याला जुन्या, सर्रास मिळणाऱ्या जाती बऱ्या.

माती. आपली काळी माती कपाशीला सोनं आहे, कुंडीला नाही. ओली झाली की चिकट, वाळली की भेगा, आणि त्यात चुना. चुन्यामुळे झाडाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की युरिया टाकू नका, चिलेटेड लोह द्या. कुंडीसाठी लाल किंवा पोयटा माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट सारख्या प्रमाणात, वर मूठभर निंबोळी पेंड. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो. महिन्यातून एकदा खालून भरपूर वाहून जाईल इतकं पाणी घाला, क्षार धुतले जातात. गिऱ्हाइकाला जमिनीतच लावायचं असेल तर काळ्या मातीवर मुरूम-खत घालून फूटभर उंच वाफा करायला सांगा.

उन्हाळ्यात ५० टक्क्यांची शेडनेट, किंवा घरी असेल तर पूर्वेची बाजू. सकाळचं पाच-सहा तास ऊन हवं, दुपारचं टळलं तर उत्तम. कुंडीत मातीवर उसाचं पाचट पसरा, आपल्या भागात ते सहज मिळतं. मे महिन्यात कळ्या खुडून टाका, झाडाला जगू द्या. पानं मातकट, खाली बारीक जाळी, म्हणजे लाल कोळी. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मं काम होतं. पावसाळ्यात काळे ठिपके, हिवाळ्यात भुरी. ठिपक्याची पानं तोडून जाळा, भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम. बस्स, एवढंच औषधपाणी.

आता विक्री. पैठणला गिऱ्हाईक कोण? दिंडीबरोबर चालत आलेला वारकरी कुंडी उचलून नेणार नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. गाडी घेऊन आलेलं कुटुंब, नाथसागर बघायला आलेले पर्यटक, आणि गावातलीच घरं, हे खरं गिऱ्हाईक. पैठणी घ्यायला येणारेही आहेत. पण साडीच्या दुकानात काउंटरवर ठेवायला म्हणून कुंडी विकू नका. सावलीत पंधरा दिवसांत पानं गळतील.

माझ्या मते सगळ्यात चांगला हंगाम षष्ठीचा नाहीच, संक्रांतीचा आहे. हळदी-कुंकवाचं वाण! एकेका घरातून २०-२५ नगांची ऑर्डर, आगाऊ पैसे, थंड हवा, आणि रोपाला उन्हाळ्याआधी मूळ धरायला तीन महिने मिळतात. षष्ठीला विकलेल्या रोपाला महिनाही मिळत नाही.

हलक्या छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांत फुलं येतात, थंडीत आठवडाभर जास्त धरा. म्हणजे संक्रांतीसाठी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात छाटणी. षष्ठीसाठी पंचांगात फाल्गुन वद्य षष्ठी शोधा, रंगपंचमीचा दुसरा दिवस, आणि तिथून ४५ दिवस मागं मोजा. कलमं मात्र जुलै-ऑगस्टमध्येच लावलेली हवीत.

आता वही काढा. हे आकडे मी उदाहरणाला धरलेत, तुमच्या भावानं बदला. १०० कलमं लावली, पिशवी-मातीसह ५ रुपये एक, झाले ५००. त्यातली ६० जगली, ८ इंची कुंडीत गेली. कुंडी ३५, माती-खत २०, औषध १०, म्हणजे ६५ गुणिले ६० बरोबर ३,९००. एकूण ४,४००. विकण्यासारखी झाली ५०. नगाला ८८ रुपये. १५० ला विकली तर ६२ चा नफा, असं वाटतंय ना?

थांबा. तुमची मजुरी कुठाय? पाच महिने रोज अर्धा तास म्हणजे ७५ तास. तासाला ५० रुपयेच धरले तरी ३,७५०. नगाला ७५. खरी किंमत पडली १६३. म्हणजे १५० ला विकून तुम्ही नगामागं १३ रुपये स्वतःच्या खिशातून दिले!

हेच काम २०० नगांवर करा. वेळ चौपट होत नाही, १०० तास धरू. ५,००० भागिले २०० म्हणजे २५. खर्च ११३ वर आला, ३७ रुपये राहिले. पण २०० विकायला २४० कुंड्या लागतात, फुटाफुटावर ठेवल्या तर २४० चौरस फूट, वर चालायला वाट. १० बाय १० च्या गच्चीवर वाट सोडून ७० च बसतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तेवढ्या गच्चीवर १५० रुपयांच्या भावात धंदा होत नाही. दोनच वाटा आहेत. एक, जागा वाढवा, शेजारची गच्ची भाड्यानं घ्या. दुसरी, भाव वाढवा. २२० ला विका, पण कुंडीबरोबर छापील देखभाल-चिठ्ठी द्या आणि मे महिन्यात गिऱ्हाइकाला एक फोन करा, "ताई, कळ्या खुडल्या का? पाचट टाकलं का?" माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे. पन्नास गिऱ्हाइकांना पन्नास फोन, दोन संध्याकाळचं काम.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या गल्लीतली दहा घरं फिरा. ओट्यावर सकाळचं ऊन किती तास येतं ते घड्याळ लावून लिहा, आणि गेल्या वर्षी आणलेलं कोणतं झाड मेलं, कोणत्या महिन्यात, हे विचारा. ही यादी हातात आल्याशिवाय एकही कुंडी विकत घेऊ नका.