काकांचा पासपोर्ट आणि दहावीचं प्रमाणपत्र

पासपोर्ट म्हणजे शहरातल्या लोकांचं काम, असं आमच्या गावात अजूनही समजतात. आमचे काका वेल्डर. कतारला काम मिळतंय म्हणून त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायला मी बसले. आधार होतं, पॅन होतं, १५०० रुपये फी भरली. पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीखही मिळाली. (ही केंद्रं २०१७ पासून सुरू झाली, हे आपलं नशीब.)

फॉर्ममध्ये प्रश्न होता : नॉन-ईसीआरला पात्र आहात का? मी 'हो' दाबून मोकळी! कॉन्व्हेंटमध्ये शिकूनही इंग्रजी न वाचताच पुढे जायची सवय, दुसरं काय! केंद्रावर दहावी पासचं प्रमाणपत्र मागितलं. ते तर वाळवीने खाल्लेलं.

मग मी नीट वाचलं. सौदी, कतार, ओमान अशा १८ देशांत नोकरीला जाताना ईसीआर पासपोर्टवाल्याला सरकारची परवानगी काढावी लागते. मजुरांची फसवणूक होऊ नये म्हणून ही अट १९८३ च्या कायद्यात आली. दहावी पास, पन्नाशीच्या पुढचे किंवा आयकर भरणारे यातून सुटतात. काका त्रेचाळीसचे.

"परवानगी काढू की," मी म्हटलं. काका तडकले, "पास झालोय मी. बावन्न टक्के!"

म्हणून शाळेमार्फत बोर्डाकडे दुय्यम प्रमाणपत्राचा अर्ज केलाय. एजंटाने महिनाभराची मुदत दिली आहे. काका रोज फोन करतात, "आलं का गं?"