खिडकीचें माप

संकेतस्थळ बरोबर चालतें कीं नाहीं, हें मनुष्याऐवजीं संगणकाकडूनच तपासून घेण्याच्या रीतीस स्वयंचलित चाचणी म्हणतात. या कामाचें 'सेलेनियम' हें साधन जेसन हगिन्स यांनीं २००४ सालीं शिकागो येथें प्रथम रचिलें. आज्ञावली ब्राउझर उघडते, बटण शोधून दाबते व अपेक्षित उत्तर आलें कीं नाहीं तें सांगते. परंतु ब्राउझरची खिडकी केवढी असावी हें आरंभीं ठरवून न दिल्यास तिच्या निवाड्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं.

हें आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलों. एका विद्यार्थिनीची चाचणी तिच्या घरीं नीट चाले. आमच्या संगणकावर मात्र 'बटण सांपडत नाहीं' असा शेरा येई. आम्हीं तिचे गुण कापले. पुढें दोन्ही संगणक शेजारीं ठेवून पाहिले, तेव्हां उलगडा झाला. आमची खिडकी अरुंद उघडत होती, आणि तेवढ्या रुंदींत तें बटण तीन आडव्या रेघांच्या यादीआड दडत होतें! मुलीचे गुण आम्हीं वर्गासमक्ष परत केले.

असें कां व्हावें? खिडकीच्या रुंदीप्रमाणें मांडणी बदलणाऱ्या पृष्ठरचनेचा पुरस्कार ईथन मार्कोट यांनीं २०१० सालीं केला, व ती रीत सर्वत्र रूढ झाली. त्यामुळें एकच पृष्ठ रुंद खिडकींत एक रूप धरतें, अरुंद खिडकींत दुसरें.

यास्तव पृष्ठ उघडण्यापूर्वींच माप द्यावें. सेलेनियममध्यें 'सेट विंडो साइझ' या आज्ञेस रुंदी व उंची पिक्सेलांत सांगावी. उदाहरणार्थ, १२८० व ८००. 'मॅक्सिमाइझ' ही आज्ञा सोपी खरी. पण ती खिडकी पडद्याएवढी करते, आणि पडदे सर्वांचे सारखे नसतात. माप न दिल्यास 'पपेटीअर' ८०० × ६००, तर 'प्लेराइट' १२८० × ७२० धरून चालतें. शिवाय सेलेनियमचें माप चौकटीसकट असतें. पत्त्याची पट्टी वजा जातां पृष्ठास जागा कमी उरते. उलट, त्या दोन साधनांचीं मापें आंतील जागेचीं होत.

पालकांपैकीं पुष्कळजण पृष्ठें मोबाइलवरच पाहतात. म्हणून चाचणी अरुंद मापावरही घ्यावी. डेस्कटॉपवरील क्रोमची खिडकी एका मर्यादेपलीकडे अरुंद होत नाहीं. तेथें मोबाइलचें अनुकरण करण्याची सोय योजावी.

मित्रहो, दुसऱ्याचें काम मोजण्यापूर्वीं आपली मोजपट्टी तपासावी, हें आम्हां शिक्षकांनींही विसरूं नये.